'जेवायला बाहेरच जाऊ' म्हटलं की घरातलं काम संपतं असं कोणी सांगितलं तुम्हाला?

पाहुणे काल संध्याकाळी गेले, आज मशीनची तिसरी खेप चालू आहे आणि माझं डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितेय.

मागच्या सोमवारी नवऱ्याने फोन ठेवता ठेवता जाहीर केलं की शुक्रवारी ताई आणि त्यांचे मिस्टर येतायत, तीन दिवस राहणार. ताई म्हणजे माझी मोठी नणंद. मला त्या मनापासून आवडतात, त्या आल्या याचा आनंदच झाला, तेव्हा त्यांच्यावर राग आहे असं कोणी समजू नका. राग आहे तो त्यानंतरच्या वाक्याचा. "तू अजिबात टेन्शन घेऊ नकोस, जेवायला बाहेरच जाऊ, म्हणजे तुला काही कामच नाही."

काही कामच नाही!! म्हणजे पाहुणे येणं म्हणजे फक्त स्वयंपाक, आणि तो टळला की ते तीन दिवस हवेत तरंगत राहणार, झोपणार कुठे, आंघोळ कुठे करणार, टॉवेल कुठून येणार, पाहुण्यांच्या खोलीत जे इस्त्रीचे कपडे, जुनी खोकी, मुलीची पुस्तकं, तुटकी खुर्ची असं सहा महिन्यांचं सगळं येऊन पडलंय ते पाय फुटून आपोआप माळ्यावर जाणार. वीस वर्षं या घरात राहतोय हा माणूस आणि त्याला खरंच वाटतं की ती खोली कायम तशीच तयार असते.

आता त्या खोलीच्या बाथरूमचंच बघा. ते आम्ही वापरत नाही. मंगळवारी दार उघडलं तर गटाराचा असा वास की मी दोन पावलं मागे आले. नवरा म्हणाला फ्रेशनर मार. अरे फ्रेशनरने काय होणार? बेसिनखाली आणि फरशीच्या जाळीखाली जो ट्रॅप, म्हणजे वाकडा पाइप असतो ना, त्यात कायम थोडं पाणी साचून राहायला हवं, ते पाणीच खालच्या पाइपातला घाण वायू अडवतं. घड्याळं बनवणाऱ्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या माणसाने १७७५ मध्ये पेटंट घेतलेल्या संडासात असा वाकडा पाइप होता, म्हणजे ही युक्ती काही नवी नाही. बाथरूम आठवडेच्या आठवडे बंद राहिलं की ते पाणी वाळून जातं आणि वास सरळ वर येतो. उपाय काय, तर जाळीत आणि बेसिनमध्ये तांब्याभर पाणी ओतायचं आणि आठवड्यातून एकदा ओतत राहायचं. एवढंच. पण हे एवढंच कोणीतरी लक्षात ठेवायचं असतं, आणि ते 'कोणीतरी' प्रत्येक वेळी मीच का?

बरं, बुधवारी मी म्हटलं की संडास तरी तू घास. घासला. कसा, तर आधी ते निळं टॉयलेट क्लीनर ओतलंन, मग त्याला वाटलं अजून पांढरं व्हायला पाहिजे म्हणून त्यावर ब्लीच ओतलंन, आणि खिडकी बंद!! मी बाहेरून वास ओळखला आणि ओरडत जाऊन त्याला हाताला धरून बाहेर काढला. त्या क्लीनरमध्ये अ‍ॅसिड असतं, ब्लीचमध्ये हायपोक्लोराइट, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो, तोच क्लोरीन जो १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला होता. बाटलीवर स्पष्ट छापलेलं असतं की दुसऱ्या कशात मिसळू नका. तासभर खोकत बसला होता आणि नशीब की तेवढ्यावरच भागलं. वरून मला काय ऐकवलं? "तू आधी सांगायचंस ना." म्हणजे काम मी सांगायचं, कसं करायचं ते मी सांगायचं, काय करायचं नाही तेही मीच सांगायचं, मग माझं नक्की काय कमी झालं हो?

आणि गादी. ताईंना दम्याचा त्रास आहे, धुळीने लगेच छाती भरते. त्या खोलीतल्या उशा आणि चादरी कपाटात ठेवलेल्या, वरवर बघितल्या तर स्वच्छ. पण धुळीत ते डस्ट माइट नावाचे बारीक जीव असतात, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे, नुसत्या डोळ्यांनी धड दिसतही नाहीत, आपल्या अंगाची जी मेलेली कातडी झडते त्यावर जगतात, आणि त्यांच्या विष्ठेने दमेकऱ्याचा दमा उठतो. नुसतं झटकून ते जात नाहीत, उलट हवेत उडतं सगळं. चादरी, अभ्रे ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवावे लागतात तेव्हा ते मरतात. म्हणून मी सगळं काढून गरम पाण्यात धुतलं, गादी व्हॅक्यूम केली, पंख्याची पाती पुसली, आणि पाती पुसताना खाली धूळ पडते म्हणून फरशी त्यानंतर, म्हणजे क्रमही लक्षात ठेवायचा. हे सगळं ऑफिसमधून आल्यावर, रात्री साडेदहापर्यंत. मुलगी दारात उभी राहून म्हणते, आई, एवढं कशाला, आत्या काय इन्स्पेक्शनला येतेय का. अगं इन्स्पेक्शनला नाही येत, तिला रात्री श्वास घेता यावा म्हणून करतेय!!

मी नंतर शोधून वाचलं तर निदान कळलं की हे माझ्या डोक्यातलं खूळ नाही. अ‍ॅलिसन डॅमिंजर म्हणून एक समाजशास्त्रज्ञ आहे, तिने ३५ जोडप्यांशी बोलून २०१९ मध्ये लिहिलंय की घरकामात एक डोक्याचं काम असतं आणि त्याचे चार भाग असतात, काय लागणार ते आधी ओळखणं, मग पर्याय शोधणं, मग ठरवणं, आणि मग ते झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. ठरवताना नवरा-बायको दोघं असतात, पण पहिलं आणि शेवटचं बहुतेक बायकांच्याच गळ्यात. वाचताना अक्षरशः माझं घर डोळ्यासमोर आलं. 'बाहेर जेवू' हे ठरवायला नवरा पुढे, आणि बाकीच्या दोन्ही टोकांना मी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०१८ चा अहवाल आहे, त्यात ६४ देशांच्या आकडेवारीवरून रोज १६४० कोटी तास बिनपगारी घरकाम आणि देखभालीत जातात असं दिलंय, आणि त्यातला ७६ टक्क्यांहून जास्त वाटा बायकांचा. त्या तासांत माझे मागच्या आठवड्यातले तास मी नक्की मोजू शकते, कारण मोजायला दुसरं कोणी नव्हतंच.

आता रेस्टॉरंटबद्दल. आमच्या गल्लीच्या टोकाला जे आहे ते मला जीव की प्राण आहे. दहा-बारा टेबलं, कोपऱ्यात खिडकीजवळची आमची ठरलेली जागा, वाढणारे काका ज्यांना आम्ही काय मागवणार ते बसायच्या आधी माहीत असतं. महिन्यातून दोनदा तिथे जाऊन बसणं ही माझी एकमेव चैन. रेस्टॉरंट हा शब्द मुळात फ्रेंच, अर्थ अंगात पुन्हा ताकद आणणारं, आणि माझ्यासाठी ती जागा खरोखर तशीच आहे, तिथे दीड तास मला उठावं लागत नाही. म्हणून 'बाहेर जेवू' याला माझा विरोध नव्हताच. मला तर शनिवारची ती संध्याकाळ हवी होती. ताईंबरोबर निवांत बसून बोलायचं होतं, चार वर्षांनी भेटत होत्या त्या.

मी एकच गोष्ट नवऱ्यावर सोपवली. टेबल सांगून ठेव. एक फोन! "हो हो, मी बघतो."

शनिवारी आठ वाजता पोचलो तर दाराशी ही गर्दी. टेबल सांगितलेलंच नाही. "मला वाटलं ओळखीचे आहेत, देतील की." पन्नास मिनिटं उभे होतो आम्ही, त्यात ताईंचे मिस्टर सत्तरीचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, बसायला एक स्टूल नाही. शेवटी मी आत जाऊन काकांना विनवून एक खुर्ची मागून आणली. मला इतकी लाज वाटली, आणि नवरा फोनवर मॅच बघतोय. लाज त्याला वाटायला हवी होती की मला?

आणि मग जे टेबल मिळालं ते नेमकं स्पीकरखाली. हे नवीन खूळ आलंय, शनिवार-रविवार मोठ्याने गाणी. गेल्या वर्षापर्यंत तिथे फक्त माणसांचे आवाज असायचे. आपण साधं बोलतो ते ६० डेसिबलच्या आसपास असतं, मुलीने फोनवरच्या अ‍ॅपने मोजलं तर, अ‍ॅप अगदी अचूक नसेल, पण ८५ च्या वर दाखवत होतं. आणि यात गंमत वाटावी असं काही नाही, कारण गोंगाट वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो, लोम्बार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने हे १९११ मध्येच नोंदवून ठेवलंय. गाणी मोठी म्हणून लोक मोठ्याने बोलणार, लोक मोठ्याने बोलतात म्हणून गाणी आणखी वाढवणार. ताईंना एका कानाने कमी ऐकू येतं. त्या नुसत्या हसून मान डोलवत होत्या, त्यांना एक शब्द कळत नव्हता हे मला दिसत होतं. मी उठून गल्ल्यावर जाऊन सांगितलं की थोडा आवाज कमी करा, तर म्हणे शनिवारी असंच असतं मॅडम, पब्लिकला आवडतं. कुठल्या पब्लिकला? वर्षानुवर्षं येणारे आम्ही कोण मग? आणि तुमचेच काका रोज आठ-दहा तास त्या आवाजात उभे असतात, त्यांच्या कानांचं काय? अमेरिकेतली निओश ही संस्था कामगारांसाठी ८ तासांना ८५ डेसिबल ही मर्यादा सांगते आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. काकांनी मला हळूच खुणेने सांगितलं की आम्ही पण बोलून थकलो. वाईट वाटलं मला फार. एवढी सुंदर जागा, आणि तिथे बसून समोरच्या माणसाशी बोलता येऊ नये.

पाऊण तासात उठलो. उरलेलं बांधून घेतलं. घरी आल्यावर मी ताईंच्या औषधांचं, पाण्याचं, जास्तीच्या पांघरुणाचं बघत होते, म्हटलं तो पार्सलचा डबा फ्रिजमध्ये ठेव. हो म्हणाला. सकाळी उठले तर डबा टेबलावर, रात्रभर, उकाड्यात. आणि हा माणूस तेच गरम करून ताईंना द्यायला निघालेला! "वास तर येत नाहीये." अरे वास येत नाही म्हणूनच लोक आजारी पडतात. साधारण ५ ते ६० अंशांच्या मध्ये जंतू भराभर वाढतात, शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं, आणि काही जंतूंचं विष असं असतं की नंतर कितीही उकळा, ते जात नाही. सगळं फेकून दिलं. अन्न फेकताना जीव तुटतो माझा. आणि मग ताजं काय केलं आणि कोणी केलं ते सांगायची गरज आहे का, ज्या बाईला 'काही कामच नव्हतं' तिनेच.

पण मला खरं लागलं ते निघताना. ताई दारात म्हणाल्या, "घर किती प्रसन्न ठेवलंय, इतकी शांत झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती, एकदाही पंप घ्यावा लागला नाही." एवढं ऐकून मला भरून आलं. मी काही बोलायच्या आत नवरा म्हणतो, "अगं त्यात काय एवढं, जेवण तर बाहेरच केलं ना, हिला काही त्रासच नाही झाला."

मी तिथे काही बोलले नाही. पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून गिळलं आणि तेच आता घशाशी आलंय. ताईंनी मात्र माझा हात दाबला. त्यांना कळलं होतं. त्यांनीही तेच केलंय आयुष्यभर.

ते गेल्यावर मी चादरी काढायला लागले तर विचारतो, "आता काय धुतेस, गेले ना ते?" आणि रात्री झोपताना सांगतो की पुढच्या महिन्यात त्याचा मित्र बायको-मुलांसह येतोय, दोन दिवस. "काळजी करू नकोस, बाहेरच जेवू."

आज सकाळी मी त्याला सांगितलंय. त्या बाथरूमच्या जाळीत दर आठवड्याला पाणी तू ओतायचं, चादरी तू काढायच्या, ६० अंशांवर तू लावायच्या, खोली तू रिकामी करायची, टेबलासाठी फोन तू करायचा आणि स्पीकरपासून लांबचं टेबल मागायचं. मी एकदाही आठवण करणार नाही, एकदाही. तोंड वाकडं करून ऑफिसला गेलाय. मशीन थांबलंय वाटतं, कपडे तसेच आत आहेत आणि मी उठत नाहीये.