सगळ्यात स्वस्त तिकीट, सगळ्यात पुढे

नाटकाचं सगळ्यात स्वस्त तिकीट सगळ्यात पुढच्या जागेचं असावं, असं माझं ठाम मत आहे. लंडनला शिकत असताना ग्लोब थिएटरच्या अंगणात उभं राहून नाटक बघितलं, तेव्हापासून. आता इथे परत आल्यावर नाटकाला गेले की ते आणखी पक्कं होतं.

तिथे शिकणाऱ्या मुलांचा हिशोब ज्यांनी मांडलाय त्यांना माहीत असेल. स्टुडंट व्हिसावर कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. हातात आलेल्या पैशांतून आधी भाडं, मग ट्यूब-बस, मग डाळ-तांदूळ. वेस्ट एंडच्या, म्हणजे लंडनच्या नाट्यगृहांच्या भागातल्या, गाजलेल्या नाटकांची चांगली तिकिटं १०० पौंडांच्या पुढे जातात. नाटक ही चैन, ती नोकरी लागल्यावर, असं म्हणत कितीतरी मुलं नाटकांच्या त्या शहरातून एकही नाटक न बघता परत येतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ग्लोबचं तिकीट मी ५ पौंडांत काढलं होतं.

ग्लोब थेम्सच्या दक्षिण काठावर आहे. लाकडी, गोलाकार, तीन मजल्यांच्या गॅलऱ्या आणि मधोमध उघडं अंगण. शेक्सपिअरच्या मंडळीचं मूळ थिएटर १५९९ चं. १६१३ मध्ये प्रयोग चालू असताना तोफ उडवली, गवती छपराने पेट घेतला आणि सगळं जळून गेलं. आजचं थिएटर १९९७ मध्ये सुरू झालं. सॅम वॉनामेकर नावाच्या अमेरिकन नटाने त्याचा ध्यास घेतला होता. १९७० मध्ये त्याने त्यासाठी ट्रस्ट काढला, आयुष्याची पुढची वर्षं त्यातच घातली आणि १९९३ मध्ये तो गेला. पुरं झालेलं थिएटर त्याला बघायला मिळालं नाही, हे वाचलं तेव्हा मला चुटपुट लागून राहिली. १६६६ च्या मोठ्या आगीनंतर लंडनमध्ये गवती छपरांना बंदी होती. या इमारतीला परवानगी मिळाली, पण छपरावर पाण्याचे फवारे बसवून.

हे थिएटर उभारणाऱ्यांनी नुसती लाकडं आणि गवत जुन्यासारखं आणलं नाही, तिकिटाची रीतही जुनीच ठेवली. त्या काळी एक पेनी दिली की अंगणात उभं राहता यायचं, बसायचं तर जास्त पैसे. आजही सुमारे ७०० माणसं अंगणात उभी राहतात, रंगमंचाला अगदी खेटून. महाग तिकिटवाले मागे, बाकांवर. खाली बसायचं नाही, छत्री उघडायची नाही, पाऊस आला तर रेनकोट घालून भिजायचं.

मी गेले त्या रात्री शेक्सपिअरचं 'मच अडू अबाउट नथिंग' होतं. माझ्या शेजारी ड्युटी संपवून आलेली एक नर्स होती. दिवसभर पायांवर उभी राहून पुन्हा तीन तास उभं राहायला आलेली. तिने सरकून मला रंगमंचाच्या कडेला जागा दिली आणि कोपर टेकवून कसं उभं राहायचं तेही दाखवलं. त्या नाटकात बेनेडिक लपून मित्रांचं बोलणं ऐकतो. नट सरळ खाली उतरला आणि आमच्यात घुसून माझ्या खांद्याआड वाकून बसला. त्याचा श्वास ऐकू येत होता, कपाळावरचा घाम ओघळून भुवईत अडकलेला दिसत होता. वर मित्र त्याच्याबद्दल वाट्टेल ते बोलताहेत आणि हा ऐकताना गोरामोरा होतोय, ते एका हातावरून बघितलं मी. प्रेक्षकांवरही उजेड असतो, त्यामुळे नट तुमच्या डोळ्यात बघून बोलतो. तुम्ही हसलात की थांबतो, नाही हसलात तर पुढचं वाक्य वेगळं टाकतो. शेवटी सगळे मिळून नाचतात. सुटल्यावर पाय ठणकत होते आणि तरी मी रूमवर चालत गेले.

मला हे परकं वाटलं नाही, कारण मी कुडाळकडची. आमच्याकडे जत्रेला देवळापुढे दशावतार होतो. ना तिकीट, ना खुर्ची. पोरं सगळ्यात पुढे जमिनीवर, मोठी माणसं मागे. राजाला सिंहासन म्हणून एक बाकडं पुरतं. पेटी, पखवाज आणि झांज. लिहिलेली संहिता नसते, नट समोरची माणसं बघून संवाद रचत जातो. मी नाटक बघायला शिकले ती तिथे, पुढच्या पोरांत बसून. लहानपणी मला बाल्कनीत बसवलं असतं तर नाटकाची ओढ लागली असती का, मला शंका आहे.

आणि आपल्या शहरांत आपण नेमकं तेच करतो. प्लॅन ओपन झाला, म्हणजे तिकीटविक्री सुरू झाली, की पहिल्या रांगा सगळ्यात महाग, कॉलेजच्या पोरांना परवडते ती बाल्कनी. तिथून नटाचा चेहरा दिसत नाही. मग हीच पोरं मोबाइलवर मालिका बघतात, तिथे डोळ्यातलं पाणीसुद्धा दिसतं, आणि आपण तक्रार करतो की तरुण प्रेक्षक नाटकाला येत नाही.

निर्मात्यांचं दुखणं मला कळतं. थिएटरचं भाडं, जाहिराती, कलाकारांच्या नाईट (दर प्रयोगाचं मानधन), सेटचा टेम्पो, सगळं त्या तिकिटातूनच निघायचं असतं. पण ग्लोबलाही सरकारचं नियमित अनुदान नाही. त्यांची स्वस्त तिकिटं गॅलरीतल्या महाग तिकिटांच्या, देणगीदारांच्या आधारावर उभी आहेत. आणि आपल्याकडे आठवड्याच्या मधल्या प्रयोगांना पुढच्या रांगा कित्येकदा रिकाम्याच असतात. रिकाम्या खुर्चीसमोर नट काम करतो त्यापेक्षा टक लावून बघणाऱ्या वीस पोरांसमोर तो नक्कीच चांगलं करील. यात नुकसान कुणाचं आहे?

परदेशी शिकायला निघालेल्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की उभ्याची तिकिटं शोधा. व्हिएन्नाच्या ऑपेरातही ती मिळतात.

आणि मराठी निर्मात्यांना विनंती. मंगळवार-बुधवारच्या प्रयोगाला पहिल्या दोन रांगांतल्या न गेलेल्या जागा प्रयोगाआधी अर्धा तास कॉलेजचं आयकार्ड बघून १०० रुपयांत द्या. महिनाभर करून बघा. पुण्यात कुणी तयार असेल तर कॉलेजांच्या नाट्यमंडळांपर्यंत निरोप पोहोचवायचं, पोरांना रांगेत उभं करायचं काम मी आनंदाने करीन. इनबॉक्समध्ये कळवा.