‘ना-नफा’ म्हणजे फुकट नव्हे

‘अमेरिकेतली प्रादेशिक ना-नफा थिएटरं सरकारने १९६५ साली सुरू केली आणि तिथले व्यवस्थापक बिनपगारी राबतात,’ असा मजकूर नाट्यवर्तुळात फिरतो आहे. दोन्ही विधानं चुकीची आहेत.

१९६५ साली स्थापन झाला तो ‘नॅशनल एंडाउमेंट फॉर द आर्ट्स’ हा संघीय अनुदान देणारा विभाग. थिएटरं त्याच्या कितीतरी आधीची. मार्गो जोन्स यांनी डॅलसमध्ये आणि नीना व्हान्स यांनी ह्यूस्टनमध्ये १९४७ सालीच सुरुवात केली होती. मिनीॲपोलिसचं गथ्री १९६३ चं. मोठा पैसा प्रथम आला तोही फोर्ड फाउंडेशनकडून, म्हणजे खासगी.

आता पगाराचं. ‘ना-नफा’ याचा अर्थ एवढाच, की शिल्लक उरली तर ती मालक-भागधारकांत वाटायची नाही, संस्थेच्या कामालाच लावायची. शिल्लक ठेवायला बंदी नाही, पगार द्यायला तर नाहीच. वॉशिंग्टनचं अरेना स्टेज १९५० साली निघालं ते चक्क व्यावसायिक कंपनी म्हणून. ते ना-नफा झालं १९५९ मध्ये. तिथे सहसंस्थापक झेल्डा फिचँडलर नाटकांची बाजू बघत, तर त्यांचे पती थॉमस, पेशाने अर्थतज्ज्ञ, कारभाराची. वर्गणीदार जमवणं, देणगीदार सांभाळणं, करार, अंदाजपत्रक हे सगळं पूर्णवेळ कामच आहे, आणि येल विद्यापीठात नाट्यव्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवीही मिळते. पदरमोड करून नाटक उभं करण्याची आपल्या हौशी संस्थांची सवय बहुधा या गैरसमजामागे असावी.