सात जपानी नियम आणि मामांचे तीन मासे

कोई, म्हणजे हौदात पाळायचे रंगीत मासे, त्यांची निगा कशी ठेवावी हे सांगणारा तो मेसेज मला एकूण चार जणांकडून आला. पहिल्या तिघांना मी हात जोडल्याची इमोजी पाठवून विषय संपवला. चौथ्यांदा तो सांगलीच्या मामांकडून आला, आणि खाली त्यांनी स्वतःची भर घातली होती : "आजच केलं सगळं. पाणी आरशासारखं झालंय बघ." हा रविवार. गुरुवारी सकाळी सहाला मामीचा फोन. "टिकली गेली गं." टिकली म्हणजे पांढऱ्या अंगाची, डोक्यावर एकच लाल ठिपका असलेली कोई. तिचं नाव मामीनेच ठेवलं होतं. मी पोचेपर्यंत आणखी एक गेला होता, शुक्रवारी पहाटे तिसरा. सातातले चार उरले.

तेव्हा आता हात जोडणं पुरे.

मेसेजचं नाव 'कोई तलावाचे ७ जपानी नियम'. नियम असे : पाणी नितळ म्हणजे पाणी शुद्ध. दर रविवारी सगळं पाणी काढून हौद घासा आणि फिल्टर ब्लीचिंग पावडरीत धुवा. पाण्यात तुरटी फिरवा. रोज मूठभर खडेमीठ टाका. रात्री पंप बंद ठेवा, माशांना झोप मिळते आणि वीज वाचते. तळाशी तांब्याचा गडू ठेवा. खायला पोळी द्या. शेवटी अर्थातच, निदान अकरा जणांना पाठवा.

आधी त्या 'जपानी'चं बघू. रंगीत कोई आली जपानच्या निइगाता प्रांतातून. ओजिया आणि यामाकोशीच्या डोंगरातले भातशेतकरी हिवाळ्यात खाण्यासाठी कार्प पाळायचे, त्यातले रंगाने वेगळे निघालेले मासे निवडून जपत गेले. १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात ते मांडले गेले आणि देशभर नाव झालं. आजही तिथे मासे उन्हाळाभर मातीच्या तळ्यांत वाढवतात आणि थंडी पडायच्या आत जाळं ओढून बाहेर काढतात. त्या तळ्यांचं पाणी कसं असतं? हिरवट, मातकट. त्यात मासा दिसत नाही, वर आला तर पाठ दिसते. जगातल्या सगळ्यात महागड्या कोई त्या पाण्यात मोठ्या होतात. पहिला नियम जपान्यांना कुणी सांगितलेला दिसत नाही.

नितळ पाणी वाईट नसतं, पण नितळपणावरून काहीच कळत नाही. माशाला मारणारा अमोनिया पाण्यात विरघळला की दिसत नाही, आणि मासे मरण्याइतका असला तरी आपल्या नाकाला कळेलच असं नाही. मामांचा हौद गुरुवारी खरोखरच आरशासारखा होता. तळाच्या फरश्यांच्या सांधी मोजता येत होत्या.

आता दुसरा नियम. बाकीचे सहा मिळून जेवढं नुकसान करतील, तेवढं हा एकटा करतो.

माशाच्या अंगातला बराचसा अमोनिया कल्ल्यांतून बाहेर पडतो. म्हणजे मासा श्वास घेतोय तोवर पाणी बिघडवतोय, त्याला इलाज नाही. हौदात ते निस्तरतात जिवाणू. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट बरंच निरुपद्रवी, थोडं पाणी बदललं की कमी होतं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते चिकटून बसतात फिल्टरच्या मॅटवर, बायोबॉलवर (जिवाणूंना बसायला फिल्टरमध्ये टाकतात ते प्लास्टिकचे गोळे), हौदाच्या भिंतींवर. मामांनी ज्याला 'बुळबुळीत घाण' म्हटलं आणि काथ्याच्या ब्रशने घासून काढलं, ती घाण म्हणजे त्या हौदाचं विरजण होतं. घरात विरजणाचं भांडं कुणी ब्लीचिंग पावडरीने धुवून वर 'आता दही छान लागेल' म्हणतं का? आणि दह्याचं विरजण एका रात्रीत लागतं. या जिवाणूंचे एकाचे दोन व्हायलाच बारा तासांपासून दिवसभर लागतो. नवा फिल्टर नीट चालू लागायला चार ते सहा आठवडे जातात. दर रविवारी तो धुतला तर तो कधीच चालू होणार नाही.

मामा म्हणाले, "अगं, पण पाणी तर पूर्ण नवीन होतं. चार दिवसांत असं काय झालं?"

मग वही घेऊन बसलो. हौद दहा फूट लांब, सहा रुंद, चार खोल; साधारण ६,८०० लिटर. मामा दिवसाला १०० ग्रॅम खाद्य घालतात, त्यात प्रथिनं ३८ टक्के. मत्स्यपालनातला ठोकताळा लावला तर तेवढ्या खाद्यातून सुमारे साडेतीन ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतो. लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम, रोज. रविवार ते गुरुवार चार दिवस, म्हणजे दोन मिलिग्रॅम. मी नेलेल्या अमोनिया तपासायच्या किटची नळी पिवळी राहायला हवी होती, ती हिरवी झाली. आकडा तोच, दोन.

"लिटरमध्ये दोन मिलिग्रॅम म्हणजे चिमूटसुद्धा नाही," मामा.

इथे मी मोबाइलवर फ्लोरिडा विद्यापीठाचं अमोनियावरचं माहितीपत्रक उघडलं. मत्स्यपालकांसाठी लिहिलेलं साधं, दोनचार पानांचं आहे. ज्यांना या मेसेजशी वाद घालायचाय त्यांनी एवढं एक वाचलं तरी पुरे. त्यात सांगितलेली गोष्ट अशी की सगळा अमोनिया सारखा विषारी नसतो. त्याचा काही भाग विषारी रूपात असतो, आणि तो भाग किती हे पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचा आकडा) आणि तापमान ठरवतं. या विषारी अमोनियाने लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम ओलांडलं की माशाला इजा व्हायला लागते. हा विषारी भागच दोन मिलिग्रॅमला पोचला की मासा मरतो.

मामांच्या बोअरच्या पाण्याचा पीएच ८.४ आला, पाणी २८ अंश. त्या हिशेबात एकूण अमोनियाचा जवळजवळ १५ टक्के भाग विषारी. दोनाचे १५ टक्के म्हणजे ०.३. इजा सुरू होते त्याच्या सहापट. पाण्याचा पीएच ७ असता तर हाच भाग एक टक्क्यापेक्षाही कमी भरला असता आणि टिकली बहुधा अजून पोहत असती. ०.३ हा आकडा एका फटक्यात मारणारा नव्हे, हेही खरं. कल्ले जळत जातात. पुढचं काम पाचव्या नियमाने केलं, त्याकडे येतेच.

मामांचं नशीब एवढंच की त्यांनी बोअरचं पाणी भरलं. नगरपालिकेच्या नळाचं किंवा टँकरचं असतं तर क्लोरीनने गुरुवारपर्यंत वाट पाहिली नसती. सगळा हौद नव्या पाण्याने भरायचा हे मेसेज सरळ सांगतोय, पण क्लोरीन मारणारं अँटी-क्लोरीन टाकायचं हे सांगत नाही. अँटी-क्लोरीन म्हणजे बहुतेक वेळा सोडियम थायोसल्फेट, जुने फोटोवाले ज्याला हायपो म्हणायचे तेच. स्वस्त असतं. मेसेजमध्ये त्याचा उल्लेखसुद्धा नाही.

तळाचा गाळ काढायला हवा, एवढं मात्र त्या मेसेजवाल्याचं बरोबर. कुजणारा गाळ भरपूर अमोनिया सोडतो. पण त्याची रीत अशी : आठवड्याला दहा ते वीस टक्के पाणी तळातून काढायचं. मॅट एका वेळी अर्ध्याच धुवायच्या, त्याही बादलीत हौदाचंच पाणी घेऊन, त्यात खळबळून. मॅट तपकिरीच राहिली पाहिजे. पांढरी शुभ्र मॅट बघून मला आता धडकीच भरते.

पाचवा नियम, रात्री पंप बंद. हा कुणी लिहिला त्याला एकदा पहाटे साडेचारला हौदाशी उभं करायला हवं.

पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशाला लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशाला साडेसात. कोईला निदान पाच-सहा तरी लागतो. दिवसा शेवाळ प्राणवायू तयार करतं, रात्री तेच शेवाळ तो वापरतं. मासे वापरतात, गाळ वापरतो, फिल्टरमधले जिवाणू तर अधाशासारखे वापरतात : एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन निस्तरायला त्यांना साडेचार ग्रॅमहून जास्त प्राणवायू लागतो. म्हणून उजाडायच्या जरा आधी पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. नेमका तेव्हाच पंप बंद. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात आणि घरातले म्हणतात, भूक लागली असेल. टिकली पहाटेच गेली, हा योगायोग नाही. कल्ले आधीच जळलेले, त्यात हवा बंद.

आणि वाचली किती वीज? चाळीस वॅटचा पंप दहा तास बंद ठेवला तर ०.४ युनिट. महिन्याला बारा. दहा रुपये युनिट धरलं तरी एकशे वीस रुपये. टिकलीची किंमत मामा मला अजून सांगत नाहीत.

तुरटीचं थोडक्यात. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात आपण सगळेच तुरटी फिरवतो, गाळ खाली बसतो. पण हंड्यात कुणी राहत नसतं. तुरटी पाण्याची क्षारता खाते, आणि ती क्षारताच पीएचला जागेवर धरून ठेवते. फिल्टरमधले जिवाणूही तीच वापरत असतात. दोघांनी मिळून ती संपवली की पीएच एकदम कोसळतो, आणि आम्ल पाण्यात तुरटीतलं अॅल्युमिनियम कल्ल्यांना बाधतं. केएचचा, म्हणजे या क्षारतेचा आकडा माहीत नसताना तुरटीला हात लावू नये.

मिठाचं मला चडफडत का होईना मान्य करावं लागतंय. कारण गुरुवारी दुपारी मी स्वतःच मामांच्या हौदात मोजून सात किलो खडेमीठ विरघळवलं, आणि मामा मागून म्हणाले, "मग मेसेजमध्ये मीठ लिहिलंय ते बरोबरच की!"

अर्धं बरोबर. फिल्टर नव्याने जमत असताना अमोनियाच्या मागोमाग नायट्राइट चढतं. ते कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घालवतं, रक्त तपकिरी होतं. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांच्या दारातच त्याची वाट अडवतं. हजार लिटरला एक किलो मीठ त्यासाठी पुरतं. पण हे औषध आहे, रोजचा नैवेद्य नव्हे. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. रोजची मूठ पन्नास ग्रॅमची धरली तर वर्षाला अठरा किलो. नुसतं वरून पाणी भरत राहिलात तर वर्षअखेरीला हौद त्या पातळीला जातो, जी परजीवींच्या उपचारासाठी थोडे दिवस ठेवतात. मामीची कमळं त्याच्या बरीच आधी माना टाकतील.

तांब्याच्या गडूवर शाई घालवणं जिवावर येतंय. तांबं माशांना विषारी आहे. शेवाळ आणि गोगलगायी मारायला मोरचूद वापरतात ते त्यातल्या तांब्यासाठीच. कडक, क्षारयुक्त पाण्यात गडूतून फारसं तांबं सुटणार नाही, मऊ पाण्यात सुटेल. आपण तांब्याच्या भांड्यातलं पाणी पितो म्हणून माशाने त्यात श्वास घ्यावा, हे तर्कट मला झेपत नाही. गडू काढा, घासा आणि देवघरात ठेवा.

राहिली पोळी. मेसेज म्हणतो, 'कोईला जठर नसते, म्हणून मऊ पोळी द्यावी.' पहिला अर्धा भाग खरा आहे, कार्पच्या कुळात जठर नसतंच. म्हणून तर एका वेळी थोडं, पाच मिनिटांत संपेल एवढंच खाद्य द्यायचं. त्यातून पोळी कशी निघाली? ती भिजते, फुटते, अर्धी फिल्टरमध्ये जाऊन कुजते, आणि आपण पुन्हा अमोनियाच्या हिशेबाला येतो. कोई पोळी खाते हे खरं. ती हाताचं बोटसुद्धा चोखते.

त्या गुरुवारी आम्ही केलं ते एवढंच : खाणं पूर्ण बंद, बोअरचं पाणी वरून फवाऱ्यासारखं पाडत पाव हौद बदलला, दोन एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारे दगड) चोवीस तास चालू, आणि ते मीठ. पुढे पाच आठवडे रोज सकाळी नळी तपासायची. रंग हिरव्याकडे झुकला की वीस टक्के पाणी बदलायचं आणि जेवढं पाणी बदललं तेवढ्यापुरतंच मीठ पुन्हा घालायचं. खाद्य दुसऱ्या आठवड्यापासून, रोज दहा ग्रॅमवर.

मामांनी किटच्या बाटल्या आता देवघराच्या फळीवर ठेवल्यात, गडूच्या शेजारी. रोज सव्वासातला मला नळीचा फोटो येतो. आजच्या फोटोत नळी पिवळी होती आणि मागे हौदाचं पाणी हिरवट, तळ दिसत नव्हता. खाली लिहिलं होतं, "चालेल ना?"

चालेल, मामा. पण तो मेसेज तुम्ही अकरा जणांना पाठवला होता, त्यांना फोन केलात का?