शॉकचं तेल: ‘एक शून्य काढा’ हा मेसेज चुकीचा आहे

आरसी (रिमोटवर चालणाऱ्या छोट्या) गाड्या चालवणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: शॉकच्या, म्हणजे चाकाचे धक्के शोषणाऱ्या नळीच्या, तेलाच्या बाटलीवर ४०० लिहिलं असेल तर ते ४० वेटचंच, एक शून्य काढलं की झालं. आणि वळणावर गाडी कलत असेल तर सरळ जाड तेल भरा.

पहिला दावा आकड्यांतच अडकतो. ४०० हा सहसा सेंटिस्टोक्सचा, म्हणजे मोजलेल्या दाटपणाचा आकडा. वेट हे दाटपणाचंच, पण वेगळं माप. टीम असोसिएटेड या आरसी कंपनीच्या तेलात ३० वेट म्हणजे ३५० सेंटिस्टोक्स, ३५ वेट ४२५ आणि ४० वेट ५००. म्हणजे ४०० चं तेल ३५ वेटच्याही जरा खालीच बसतं. दुसऱ्या कंपनीचं ४० वेट नेमकं एवढंच असेल असंही नाही, त्यामुळे कंपनी बदलताना सेंटिस्टोक्स जुळवा.

दुसरा दावा जास्त नडतो, कारण तो अर्धा खरा वाटतो. गाडी किती कलेल हे तेल ठरवत नाही. किती पटकन कलेल ते ठरवतं. लांब वळणात ती शेवटी तेवढीच झुकते. तिथे स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (कलणं रोखणारी सळई) बघायचे. खडबडीत ट्रॅकवर तर फार जाड तेलामुळे चाक खड्ड्यात वेळेवर उतरतच नाही आणि पकड जाते; शॉकमधल्या पिस्टनची, तेल जिथून जातं ती भोकं बारीक असतील तर आणखीच.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर वरचे आकडे टाका.