बहात्तर रोग, एक पॅकेज

पहाटे रंकाळ्याला फेरी मारता, गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिता, रविवारी तांबड्या-पांढऱ्याच्या चार-चार वाट्या रिचवून दुपारभर घोरता, आणि वर म्हणता मला काही होत नाही. अहो, होत नाही असं नाही. तुमची तपासणी झालेली नाही, इतकंच.

तेव्हा आधी एखादं शिबिर गाठा. कोल्हापुरात ते शोधावं लागत नाही. कुठल्या तरी दादांचा वाढदिवस असतोच, आणि चौकातल्या फ्लेक्सवर दादांच्या गॉगलखाली 'भव्य आरोग्य तपासणी' असतेच. तिथं फुकटात साखर आणि बीपी बघतात. तेवढ्यावर समाधान मानून चहा-बिस्कीट खाऊन घरी येणारा माणूस आयुष्यात पुढं जात नाही. तुम्ही शेजारच्या टेबलावर टाय लावून बसलेल्या पोराकडं जा. त्याच्याकडं ९९९ रुपयांत ७२ चाचण्यांचं पॅकेज असतं. बहात्तर रोगांवर एक औषध, असं आपण नुसतं म्हणत आलो. बहात्तर रोग हजाराच्या आत मिळायची सोय आत्ता कुठं झाली.

रिपोर्टमध्ये काहीच निघालं नाही तर पैसे वाया जातील, ही भीती मनातून काढून टाका. गणित तुमच्या बाजूनं आहे. 'नॉर्मल' कशाला म्हणायचं हे बहुतेक चाचण्यांत असं ठरतं: निरोगी माणसं गोळा करायची, त्यांचे आकडे ओळीनं मांडायचे, मधले ९५ टक्के नॉर्मल धरायचे आणि दोन्ही टोकांचे ५ टक्के बाहेर काढायचे. म्हणजे ठणठणीत माणूससुद्धा एका चाचणीत शंभरातून पाच वेळा नापास होणार, हे मुळातच ठरलेलं. २० चाचण्या केल्या तर एखाद्या तरी चाचणीत नापास होण्याची शक्यता ६४ टक्के. ७२ केल्या तर ९७ टक्क्यांच्या वर. आता या चाचण्या एकमेकींच्या भावकीतल्या असतात, त्यामुळं खरा आकडा जरा खाली येतो. पण तरीही खासबागेत एवढ्या खात्रीची कुस्ती कधी लागलेली नाही. आकड्यापुढं ठळक लाल 'एच' उमटला की तुम्ही पेशंट झालात. अभिनंदन.

आमच्या मामांचं असंच झालं. गुळाच्या अडतीवर चाळीस वर्षं हिशोब लिहिलेला माणूस. आकड्यावर त्यांचा विश्वास देवापेक्षा जास्त. पॅकेजात पीएसए होती, म्हणजे पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीतल्या कॅन्सरच्या शंकेसाठी रक्तातलं एक द्रव्य मोजायची चाचणी. आकडा चारच्या आत हवा, तो पाचाच्या वर गेला. मामांना लघवीचा त्रास नव्हता, कसलाच नव्हता. पण रात्री दोनला उठून ते कागद वाचायला लागले. मग एका मोठ्या दवाखान्यात सोनोग्राफी, मग बारा ठिकाणी सुई टोचून तुकडे काढणं, मग चार दिवस ताप. शेवटी निघालं काय? काहीही नाही. मामांनी गल्लीत पेढे वाटले. तपासलं म्हणून कळलं बघा, काही नाही ते! तेव्हापासून त्या पॅकेजचा त्यांच्याइतका मोठा प्रचारक करवीर तालुक्यात नाही. जे नव्हतंच ते नाही असं सांगायला जवळपास चाळीस हजार लागले, हे मी एकदाच बोललो. आता मला तिकडं जेवायला बोलवत नाहीत.

हे पीएसए नावाचं द्रव्य १९७० मध्ये शोधणारे रिचर्ड ॲब्लिन यांनीच २०१० मध्ये लिहिलं, की सरसकट सगळ्या पुरुषांवर ही चाचणी लादणं म्हणजे नफ्यासाठी ओढवलेली आपत्ती आहे. युरोपातल्या मोठ्या प्रयोगात तेरा वर्षांनी हिशोब केला तेव्हा एक मृत्यू टळायला ७८१ पुरुषांना तपासणीला बोलवावं लागत होतं, आणि त्यात एरवी कळलाही नसता असा कॅन्सर २७ जणांच्या पदरी जास्तीचा पडत होता. त्या एकाच्या घरच्यांना विचारलं तर चाचणी सोन्याची, हे मलाही मान्य आहे. पण असली आकडेमोड तुम्ही करू नका. शोधणाऱ्याला काय कळतं, विकणाऱ्याला विचारा.

एवढ्यावर थांबूही नका. थोडे पैसे टाकून गळ्याची सोनोग्राफी जोडून घ्या. दक्षिण कोरियाचा आदर्श ठेवा. तिथं १९९९ मध्ये सरकारनं कॅन्सर तपासणीची मोहीम काढली. थायरॉइड त्या यादीत नव्हता, पण दवाखान्यांनी वरचे थोडे पैसे घेऊन तोही बघून द्यायला सुरुवात केली. १९९३ शी तुलना करता २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचं निदान १५ पट झालं. त्या एका वर्षात चाळीस हजारांवर माणसं कॅन्सरचे पेशंट झाली. बहुतेकांची ग्रंथी काढली, जन्मभराची गोळी लागली, काहींचा आवाज गेला. आणि त्या कॅन्सरनं मरणाऱ्यांची संख्या? होती तिथंच. यश म्हणतात ते हेच: एवढ्या लोकांना वाचवलं, ज्यांना मरायचंच नव्हतं.

कुणी शहाणा म्हणेल, लवकर कळलं म्हणून अमका दहा वर्षं जगला. त्याला महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसवा. एक जण कोल्हापुरात चढला, दुसरा कऱ्हाडला. मुंबईला दोघं एकाच फलाटावर, एकाच मिनिटाला उतरले. पण कोल्हापूरचा सांगतो, मी जास्त वेळ प्रवास केला. खरंच केला. फक्त गाडी उशिरा पोचली नाही. अर्थात हे रिपोर्ट द्यायला आलेल्या पोराला ऐकवू नका, त्याचं महिन्याचं टार्गेट असतं.

अडीच लाखांवर माणसांचे १७ प्रयोग एकत्र करून संशोधकांनी २०१९ मध्ये सांगितलं, की सरसकट आरोग्य तपासणीनं मरण लांबत नाही. त्याकडं दुर्लक्ष करा. बहुतेक लोक युरोप-अमेरिकेतले, त्यांना पांढरा रस्सा माहीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९६८ मध्ये विल्सन आणि युंगनर यांच्याकडून तपासणीचे दहा निकष लिहून घेतले होते: रोग महत्त्वाचा असावा, त्यावर उपचार असावा, तो उपचार मिळायची सोय असावी वगैरे. त्यात कॉम्बो ऑफर हा शब्दच नाही. जुने लोक.

आणि आपल्याच राज्यात काय चाललं होतं बघा. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयानं दीड लाख बायकांचा प्रयोग केला. यंत्र काय, तर पातळ व्हिनेगर! काही आठवडे शिकवलेल्या आरोग्य सेविका गर्भाशयाच्या मुखाला ते लावून बघायच्या. पांढरं पडलं तर पुढं तपासणी, लागले तर उपचार. त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत सव्वा लाखावर बायकांचा प्रयोग झाला. तिथं ज्यांची एकदाच एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची चाचणी केली, त्यांच्यात पुढच्या आठ वर्षांत त्या कॅन्सरची मरणं साधारण निम्म्यावर आली. केरळात तर नुसतं तोंड उघडायला लावून उजेडात बघितलं, आणि तंबाखू-दारू घेणाऱ्यांतले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. बॅटरी आणि दोन मिनिटं. यात पॅकेज कुठाय, फाइल कुठाय, घरपोच रक्त घेऊन जाणारा पोरगा कुठाय? असल्या तपासणीनं माणसाची गल्लीत काय इज्जत राहणार?

त्यामुळं सरकारी उपकेंद्रातून तिशी ओलांडलेल्यांची यादी घेऊन कुणी दारात आलं तर सरळ कडी लावा. मामांनी तेवढं केलं नाही. गेल्या महिन्यात आशाताई आणि सिस्टर त्यांच्याकडं गेल्या. मामा चुना मळत कट्ट्यावर बसलेले. चिमूट गालात सारून ते आत गेले आणि प्लास्टिकच्या कव्हरातली जाडजूड फाइल घेऊन आले.

"सगळं झालंय माझं. बहात्तर केल्यात, बहात्तर."

सिस्टरनं पर्समधली बॅटरी काढून पेटते का बघितली.

"फाइल ऱ्हाऊ दे, आबा. चूळ भरून या."