कोल्हापूरच्या आजीला कुठे टाकायचं?

सर, पीएचडीच्या मुलींना मी जे कोडिंग शिकवते, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, कबूल करते. स्त्री-अभ्यासात पीएचडी करणाऱ्यांना कोडिंग शिकवणं हे फॅड आहे, शब्द मोजणं म्हणजे संशोधन नव्हे, असं तुम्ही म्हणता. ताराबाई शिंद्यांची १८८२ची, स्त्रियांची बाजू मांडणारी ‘स्त्रीपुरुष तुलना’ १९७५ मध्ये संशोधक स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणली, संगणकाने नव्हे, हा तुमचा दाखला.

दाखला एकदम मान्य. जे स्कॅनच झालेलं नाही ते कुठलाही प्रोग्रॅम शोधून देणार नाही.

पण मागच्या बॅचची गंमत ऐका. जुन्या मासिकांतून बाई स्वतःबद्दल बोलते ती वाक्यं काढा, असं मी सांगितलं होतं. सोपं वाटलं, मराठीत क्रियापदच लिंग सांगतं ना! ‘मी गेले’ म्हणजे बाई. प्रोग्रॅमने ‘गेले’ पकडलं आणि शास्त्रीबुवा गेले, मामंजी गेले, सगळे येऊन बसले. शेजारी ‘मी’ हवाच अशी अट घातली, तर ‘मी’ गाळलेली वाक्यं निसटली. ‘मी पत्र लिहिले’मध्ये तर क्रियापद पत्राच्या लिंगाप्रमाणे चालतं, लिहिणारी की लिहिणारा, पत्ता नाही. तेवढ्यात एक विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, कोल्हापूरची आमची आजी ‘मी आलो, मी जातो’ असंच म्हणते. तिला पुरुषांत टाकायचं काय?” पुढचा तासभर कीबोर्डला कुणी हात लावला नाही. मला शिकवायचं आहे ते हेच.

यंत्राचं काम मुळात पुरुषी, असंही तुम्ही लिहिलंत. इटलीतले पाद्री फादर बुसा यांनी १९४९ मध्ये मध्ययुगीन तत्त्वज्ञ थॉमस ॲक्वायनसच्या लेखनाची शब्दसूची आयबीएमच्या यंत्रांवर करायला घेतली. पुढे त्या यंत्रांसाठी शब्दांची कार्डं भोकं पाडून तयार करणाऱ्या बहुतेक इटलीतल्या तरुण मुली होत्या. बुसांचं नाव संगणकाने साहित्य अभ्यासण्याच्या या विषयाच्या पहिल्याच तासाला येतं. त्या मुलींना मात्र ज्युलियान नायहन यांच्यासारख्या अभ्यासकांना अर्ध्या शतकानंतर शोधून बोलतं करावं लागलं. आपल्याकडेही जुन्या लेखांची यादी करताना लेखकाच्या रकान्यात नुसतं ‘सौ. अमुक’ भरायचं की तिचं स्वतःचं नाव हुडकायचं, हे मी टाइप करणाऱ्यावर सोडणार नाही.

वेळेचा मुद्दा बोचला, कारण तो खरा आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांनुसार पीएचडीचं कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. त्यातच संशोधनपद्धती, त्यातच नीतिमत्ता. मग पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा दोन दिवसांच्या कार्यशाळेत कोंबायचं, सर्टिफिकेट वाटायचं, फोटो काढायचा. यंदा मी त्यातला अर्धा वेळ काढून घेतलाय. प्रत्येकीने जुन्या मासिकाची वीस पानं हाताने टाइप करायची, मग ओसीआरशी, म्हणजे स्कॅनवरून संगणकाने वाचलेल्या मजकुराशी, ताडून पाहायची. तुमच्याकडे जुन्या अंकांचा ढीग आहे असं मागे म्हणाला होतात. द्याल का थोडे?