नव्वदच्या आत बसवा

मेंढीकोट खेळताना एक मोठं सुख होतं. पत्ते ठरलेले, वाटून यायचे, आणि हातात नुसत्या दुर्र्या-तिर्र्या आल्या की वाटणाऱ्याच्या नावाने बोटं मोडायची. ‘बाबा रे, तुझ्या कॅटमध्ये दुर्र्या किती ठेवू?’ असं आम्हाला कोणी कधी विचारलं नाही. आता चाळिशी उलटल्यावर, हेलसिंकीसारख्या गावात, जिथे डिसेंबरात सूर्य दुपारी सव्वातीनलाच मावळतो, मी जेवणाच्या टेबलावर पत्ते पसरून हाच प्रश्न स्वतःला विचारत बसतो. फक्त दुर्रीच्या जागी सुळे असलेली मंडळी असतात.

खेळाचं नाव ‘व्हॅम्पायर: द इटर्नल स्ट्रगल’. ‘मॅजिक’ हा पत्त्यांचा गाजलेला खेळ काढणाऱ्या रिचर्ड गारफील्डनेच तो बनवला. १९९४ साली तो ‘जिहाद’ या नावाने बाजारात आला, आणि पुढच्याच वर्षी कोणाला तरी सुबुद्धी होऊन नाव बदललं गेलं. २०१० मध्ये छपाई थांबली. खेळणाऱ्यांनी ती बातमी मनावर घेतली नाही. २०१८ मध्ये ब्लॅक चँट्री नावाच्या छोट्या कंपनीने पत्ते पुन्हा छापायला घेतले. थोडक्यात, खेळही आपल्या पात्रांसारखाच. पुरला तरी रात्री उठून बसतो.

आता नियम. घाबरू नका, सगळे सांगत नाही. सगळे सांगून झाले आहेत असा माणूस मला अजून भेटायचाय.

पाच जण गोल बसतात. डावीकडचा तुमचा ‘प्रे’, म्हणजे सावज. उजवीकडच्याचं सावज तुम्ही, तो तुमचा ‘प्रिडेटर’. प्रत्येकाकडे ३० पूल, म्हणजे जीव आणि पैसा दोन्ही. ते संपले की माणूस बाद. सावजाला संपवलंत की तुम्हाला एक गुण आणि वर सहा पूल बक्षीस. इथपर्यंत ऐकून कोणालाही वाटतं की सोपं आहे, डावीकडे तोंड करून हाणत सुटायचं. मेख अशी आहे की तुमचे व्हॅम्पायरही याच ३० पुलांतून विकत घ्यायचे असतात. दहा क्षमतेचा एक खानदानी, सातशे वर्षांचा, रेशमी कोटातला व्हॅम्पायर आणला की दहा गेले. सोबतीला नऊचा आणखी एक आणला की खिशात उरले अकरा. आणि उजवीकडचा गृहस्थ, ज्याने तेवढ्या वेळात दोन-दोन क्षमतेची चार पोरं उभी केलेली असतात, तो तुमच्याकडे फार प्रेमाने बघायला लागतो.

इथे प्रत्येकजण स्वतः निवडलेल्या पत्त्यांचा डेक घरून बांधून आणतो. डेक बांधायचा म्हणजे दोन गड्ड्या. एक क्रिप्ट, व्हॅम्पायरांची, किमान १२ पत्त्यांची. त्यातले चार सुरुवातीला तुमच्यासमोर पालथे येतात. ज्याच्या जिवावर सगळा डेक उभा आहे तो हिरो या चारांत यायला हवा, म्हणून लोक त्याच्या चार प्रती ठेवतात. मी कागदावर गणित मांडून पाहिलं आहे: बारांत चार प्रती असतील, तर पहिल्या चारांत किमान एक येण्याची शक्यता ८६ टक्के. उत्तम. उरलेले १४ टक्के नेमके शनिवारी येतात, कारण आम्ही शनिवारी खेळतो. आणि कधी कधी हिरो येतो तो सहकुटुंब, चारांत तीन वेळा. पण एकाच नावाचे दोघे तुम्हाला चालवता येत नाहीत, तेव्हा उरलेले दोघे डाव संपेपर्यंत बाकावर बसून राहतात.

हे झालं सोपं. दुसरी गड्डी लायब्ररी: किमान ६०, कमाल ९० पत्ते. एकाच पत्त्याच्या कितीही प्रती घाला, कोणी अडवत नाही. नियमांनी माणसावर इतका विश्वास टाकू नये. माझा डेक पहिल्या झटक्यात ११४ पत्त्यांचा होतो, आणि मग ते चोवीस पत्ते काढण्याचा सोहळा सुरू होतो.

प्रत्येक पत्त्याचा वकील माझ्याच डोक्यात बसलेला असतो. ‘गव्हर्न द अनअलाइन्ड’ हा तर निघूच शकत नाही. सावजाचे पूल उडवणाऱ्या वाराला, म्हणजे ‘ब्लीड’ला, लावला की दोन वाढतात, नाहीतर अजून पालथ्या असलेल्या धाकट्या व्हॅम्पायरच्या किमतीतले तीन फुकट. त्यावर ‘कंडिशनिंग’ टाकलं की आणखी तीन. मुळातला एक धरून एका फटक्यात सहा. असे पाच फटके आणि सावज बाद! पण फटका वाटेत अडवला जाऊ नये म्हणून स्टेल्थ हवं. स्टेल्थ म्हणजे निदान वीस पत्ते. पैसा यावा म्हणून मास्टर पत्ते हवेत, पण ते वळणाला, म्हणजे आपली पाळी आली की, एकच खेळता येतो, म्हणजे जास्त भरले की हातात साचणार. आणि हे सगळं डावीकडच्यासाठी. उजवीकडचा विसरलात ना? सगळेच विसरतात. त्याच्यासाठी राखीव जागा उरते ती चार पत्त्यांची.

हात तुंबणं हा या खेळातला खरा आजार. हातात सात पत्ते. एक खेळलात की लगेच एक उचलायचा. म्हणजे जो पत्ता खेळता येत नाही, तो जागा अडवून बसतो. मध्यंतरी माझ्या हातात सातही पत्ते स्टेल्थचे होते. जगाच्या नजरेतून सातपट गायब होण्याची सोय होती, आणि जाऊन करायचं काय, तर काही नाही. तेवढ्यात उजवीकडून सहाचा ब्लीड आला. वळणाच्या शेवटी एक पत्ता फेकून नवा घ्यायची मुभा आहे. त्या गतीने हात मोकळा व्हायला सात वळणं लागली असती. मला त्याने दोनच दिली.

सहाच्या ब्लीडवर उतारा म्हणजे ‘डिफ्लेक्शन’. आमच्यात त्याला नुसतं ‘बाउन्स’ म्हणतात. आलेला वार गोड हसून दुसऱ्या कोणावर तरी ढकलायचा. याहून संतापजनक पत्ता छापला गेला नसेल. तुम्ही जिवाचं रान करून सहाचा वार काढता, तुमचं सावज तो शांतपणे त्याच्या सावजाकडे वळवतं, ते बिचारं मरतं, आणि गुण व सहा पूल कोणाला? तुमच्या सावजाला. तुम्ही त्याचं जेवण वाढून दिलंत. एकच दिलासा असा की शेवटी दोघेच उरले की बाउन्स चालत नाही. वार आणणाऱ्यावरच तो उलटवता येत नाही, ढकलायला तिसरा लागतो. आमच्या टेबलावरचे जाणकार म्हणतात, आधी बारा बाउन्स आणि झोपलेल्या व्हॅम्पायरला जागं करणारे तेवढेच वेक घाल, मग बाकीच्याचा विचार कर. बरोबर आहे त्यांचं. जाणकारांचं बरोबरच असतं, म्हणून त्यांच्या शेजारी बसू नये.

परवाच्या रात्री मी असाच एकशेचारवर अडकलो होतो. बायको हा खेळ खेळत नाही, पण पत्त्यांना प्लॅस्टिकची कव्हरं घालायला तिला आवडतं. कव्हर उघडायचं, पत्ता सरकवायचा, कडेने अंगठा फिरवून आतली हवा काढायची; तिचा एकही पत्ता वाकडा जात नाही. मध्येच एक पत्ता दिव्याकडे धरून म्हणाली, “ही बंदूक कशाला?”

“पॉइंट फोर्टी-फोर मॅग्नम. लागते कधी कधी.”

“तुझा डेक लपूनछपून जाणारा ना? मग मारामारी कोण करणार?”

“कोणी अंगावर आलंच तर...”

“फुकट आहे?”

“दोन पूल. आणि घ्यायला एक ॲक्शन जाते.”

तिने काही न बोलता बंदूक बाजूला ठेवली. मग तीन मास्टर. मग मी ‘असू दे’ म्हणून घातलेला तो देखणा व्हॅम्पायर, ज्याची एकही शक्ती डेकमधल्या पत्त्यांशी जुळत नव्हती. “हा का?” “चित्र छान आहे.” “फ्रेम कर.” अर्ध्या तासात लायब्ररी अठ्ठ्याऐंशीवर आली आणि मला बायकोचा थोडा रागच आला.

नेमका तेव्हा पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल. पुण्यात मध्यरात्र उलटून गेलेली, पण आईला झोप येत नाही, आणि आपल्याला येत नसेल तर इतरांना का यावी, असं तिचं म्हणणं. टेबलावरचे सुळे बघून आधी म्हणाली, “रात्रीचं हे काय अभद्र मांडलंय?” मग बायकोकडे वळून, “बरं, मेमध्ये मुंज आहे. दोघंही येताय ना? आणि चांगलं महिनाभर. तिकिटं काढलीत का?”

बायकोने कव्हरावरची नजरसुद्धा उचलली नाही. “सुट्टीचं सगळं हाच बघतो, आई. ह्यालाच विचारा,” म्हणून तिने फोन टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

मी वळून पाहिलं. घरात आम्ही दोघंच होतो.